डावा कोपरा, शेरा : थांबते

माझ्या हस्ताक्षरावर माझा फार भरवसा आहे. फळ्यावर लिहिलं तर शेवटच्या बाकावरून वाचता येतं, कागदावर लिहिलं तर समोरच्याला चष्मा शोधावा लागत नाही. त्यामुळे त्या दिवशी कागद वाचणाऱ्यांनी चुकीचं वाचलं असं मला म्हणता येत नाही. शब्द त्यांनी बरोबर वाचला. अर्थ तेवढा उलटा लावला, आणि त्यापायी माझ्या शाळेतली सगळ्यांत चांगली कबड्डीपटू संघाबाहेर बसायची वेळ आली. शब्द माझा होता, म्हणून भांडणही माझंच होतं.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी वसईतल्या एका मराठी शाळेत खेळाची शिक्षिका होते. राहायला विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी एसटीने वसई गाठायची आणि संध्याकाळी मुलींचा सराव संपला की तशाच धुळीच्या पायांनी परतायचं. पंजाबी ड्रेस, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी पर्समध्ये टाकायची आठवण राहायची नाही. आमच्या इमारतीतल्या बायका जिन्यात मला अडवून विचारायच्या, "तुमचे मिस्टर काही बोलत नाहीत?" मी म्हणायचे, "बोलतात की. आज उशीर झाला, चहा मी टाकतो, असं बोलतात." मग त्या वाट सोडायच्या. त्यांच्या घरी चहा कोण टाकायचं ते मला माहीत होतं.

लग्नाआधी मुंबईतल्या एका कार्यालयाच्या संघातून मी खेळले होते. डावा कोपरा. सात जणींची फळी उभी राहते त्यात डाव्या टोकाला शेवटची. समोरून चढाई करणारी आत शिरली की तिला परत जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. मी धावून जाणारी होते. समोरची जरा आत आली की मी झेपच घ्यायचे, आणि प्रेक्षकांत शिट्ट्या वाजायच्या. पकड बसली तर शिट्ट्या, नाही बसली तरी शिट्ट्या. चोविसाव्या वर्षी अशाच एका झेपेत गुडघा फिरला. लिगामेंट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. शिट्ट्या वाजवणाऱ्यांपैकी दवाखान्यात कोणी आलं नाही.

हे सांगायचं कारण इतकंच, की शिकवायला लागले तेव्हा मीही माझ्यासारखीच मुलगी शोधत होते. झेप घेणारी.

ती आठवीत असताना मैदानावर आली. भातशेती आणि मिठागरं यांच्या मधल्या एका गावची. अंगाने काडी, हात मात्र लांब, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कुठे खेळणार?" तर म्हणाली, "बाई, मना कोपऱ्यान उभी करा." का, तर म्हणे तिथे गर्दी नसते. मला हसू आलं. कोपरा ही मैदानातली सगळ्यांत अंगावर येणारी जागा, आणि ही पोरगी तिथे शांत उभं राहायला मिळेल म्हणून मागतेय.

माझ्याकडे एक वही असायची. दर शनिवारी प्रत्येक मुलीचं एक पान. काय जमत नाही, काय जमायला लागलं, पुढच्या आठवड्यात काय करून घ्यायचं. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, "पाय चांगले. हात लांब. भित्री." ते 'भित्री' मी पुढे वर्षभर खोडलं नाही. उलट दर शनिवारी त्याखाली पुरावे गोळा करत गेले. समोरची आत आली तरी ही हलत नाही. सगळ्या जणी पुढे सरकतात, ही जागेवर. मी बाहेरून घसा फोडून ओरडायचे, "घूस, घूस." ती मान हलवायची, आणि पुढच्या चढाईला पुन्हा खांबासारखी उभी. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा सगळ्यांसमोर म्हणालेसुद्धा, "तुला काय पूजेला उभी केलीय का?" बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. ती हसली नाही, रडलीही नाही. मला आज त्या वाक्याची लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवते.

शाळेतले लोक तर बोलायला मोकळेच होते. आमचे एक कारकून भाऊसाहेब म्हणायचे, "मिठागराकडची पोरं काटक असतात हो, तुम्हाला काही शिकवायला नको." हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं अजून फिरतं. काटक असणं आणि पकड येणं यात जेवढं अंतर आहे तेवढं भाऊसाहेबांनी आयुष्यात कधी चालून पाहिलं नसेल. ती मुलगी एकदाही मिठागरावर कामाला गेली नव्हती. तिला मिठाची अ‍ॅलर्जी असल्यासारख्या तिच्या टाचांना भेगा पडायच्या. तिला जे काही आलं ते शाळेच्या मैदानावर, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषांच्या आत आलं, रोज संध्याकाळी दीड तास घासून आलं. ते कोणाच्या रक्तात नव्हतं आणि कोणाच्या गावातही नव्हतं.

नववीत ती गेली तेव्हा एका संध्याकाळी माझा संयम संपला. मी म्हटलं, हिला शब्दांनी कळत नाही, अंगाने दाखवू. ओढणी कमरेला बांधली, मुलींना फळी धरायला लावली आणि मी स्वतः चढाईला गेले. गुडघ्याला पट्टा होता, पण अक्कल शाबूत होती. तिच्या कोपऱ्याकडे सरकले, पाऊल पुढे टाकल्यासारखं केलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं. ती ढिम्म. मी हात दाखवला, खांदा टाकला, पायाचा अंगठा तिच्या नाकासमोर नेला. ढिम्म. मला वाटलं, आता हिला शिवून, हसून परत जाते. म्हणून खरंच वजन टाकून डावा पाय आत घातला.

पुढचं मला दिसलं नाही, फक्त जाणवलं. घोट्याभोवती दोन हात बसले आणि पाय जमिनीतून निघेना. मी पालथी पडले. तोंडात माती. वरून तिचा आवाज, "बाई, लागला का?"

मातीत पडल्यापडल्या मी तिला विचारलं, "आधी चार वेळा पाय पुढे केला, तेव्हा का नाही धरलास?"

ती म्हणाली, "तो खोटा व्हता. पाय फसवतो, बाई. कंबर नाय फसवत."

मी उठून बसले. मैदानावर मुली माझे कपडे झटकत होत्या आणि मी वेड्यासारखी तिच्याकडे बघत होते. पंधरा वर्षांची मुलगी मला सांगत होती की वजन ज्या पायावर येतं तो पाय धरायचा, आणि वजन कुठे आलं ते कमरेवरून कळतं. हे मला माझ्या प्रशिक्षकांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित माझा गुडघा आज जिन्यात कुरकुरला नसता. ती घाबरून उभी नव्हती. ती वाट बघत होती. खरं पाऊल पडेपर्यंत.

त्या शनिवारी मी वहीतलं 'भित्री' खोडलं. नुसतं खोडलं नाही, त्यावर इतक्या रेघा मारल्या की कागद फाटला. आणि त्याच्या शेजारी लिहिलं, "थांबते."

तिथून तो शब्द मैदानावर सुटला. माझ्याच तोंडून सुटला. कोणी घाई न करता नेमकी पकड केली की मी म्हणायचे, "थांबली गं." हळूहळू मुलीही म्हणायला लागल्या. आमच्या शाळेत ती शाबासकी झाली. दुसऱ्या शाळेशी सामना असला की बाहेरून आमच्या मुली ओरडायच्या, "थांब, थांब," आणि समोरच्या शाळेच्या सरांना वाटायचं, यांची बाई आपल्याच मुलींना खेळायचं बंद करायला सांगतेय. आम्हाला त्याची गंमत वाटायची. घरातले शब्द घरात किती गोड लागतात, आणि बाहेर नेले की काय होतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

पण थांबणं एवढंच काही पुरत नाही. मी काही तिच्यावर आंधळी झाले नव्हते. वहीतली पानं आजही माझ्याकडे आहेत आणि त्यांत तिचे दोष भरपूर आहेत. घोटा धरला की तिथेच चिकटून राहायची, उठून उचलायची नाही, त्यामुळे ताकदीची चढाईवाली तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायची. कमरेची पकड तर तिला शेवटपर्यंत धड आली नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे ती बोलायची नाही. कोपऱ्यावरची आणि तिच्या शेजारची हातात हात धरून उभ्या असतात, एकीने झेप घेतली की दुसरीने यायला हवं, नाहीतर एकटी मरते. मी खूण शिकवली होती, हात एकदा दाबला तर थांब, दोनदा दाबला तर चल. हिने कधी दाबलाच नाही. शेजारची बिचारी वाट बघत उभी, आणि ही गुपचूप हात सोडून घोट्याला. दोन महिने मी दोघींना ओरडत राहिले. मग त्या शेजारच्या मुलीनेच मार्ग काढला. म्हणाली, "बाई, ती दाबत नाही, पण सोडते ना. हात सुटला की मी जाते." इतकं साधं. त्यानंतर त्या दोघींच्या कोपऱ्यातून सहसा कोणी परत गेलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. दहावीत आली तेव्हा तिची आई शाळेत आली.

आई म्हणजे कामाने वाळलेली, पण बोलायला खणखणीत बाई. मोठी मुलगी वालीवला एका गाळ्यात पॅकिंगला जात होती. प्लास्टिकच्या झाकणांचं काम. आई म्हणाली, "बाई, तुमी सांगता म्हनून खेलू देते. पन शाला संपल्यावर काय? तालुक्याच्या संगात नाव आला त मी तिला अकरावीला घालीन, खेलू देईन. नाय आला त ती बयनीसंगं वालीवला जाईल. मना दोन शब्द नाय, एकच शब्द हाय." मी तिला समजावायला गेले तर म्हणाली, "तुमची पोर असती त तुमीबी हाच केला असता." मला मूल नव्हतं. तिच्यावर मला रागही आला नाही. तिने निदान एक दार उघडं ठेवलं होतं. पुष्कळ शिकलेल्या घरांत तेवढंही ठेवत नाहीत.

तालुक्याची निवड चाचणी दिवाळीच्या सुट्टीत होती, दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर. ऑक्टोबर कसला, चुलीपुढे बसल्यासारखं ऊन. चाचणीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलीमागे एक छापील कागद आला. नाव, वजन, जन्मतारीख, जागा, आणि शेवटी बोटभर रुंदीचा रकाना, 'प्रशिक्षकाचा शेरा.' इतर शाळांचे शिक्षक काय लिहितात ते मला माहीत होतं. आक्रमक. धाडसी. तडफदार. सगळ्यांच्या सगळ्या मुली तडफदार. मी म्हटलं, आपण खरं लिहू. बोटभर जागेत तिच्याविषयी सगळ्यांत खरं काय ते एकाच शब्दात बसत होतं. मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "थांबते." लिहिताना मला अभिमान वाटत होता. हे मी कबूल करते, कारण मूर्खपणा अभिमानाच्या पोटातच होता. ज्या शब्दाला फक्त आमच्या मैदानावर किंमत होती तो मी परक्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

चाचणीला सकाळपासून मुलींचे संघ पाडून सामने खेळवले. टेबलाशी निवड समितीचे तिघे. दोघे फारसे बोलत नव्हते. मधले प्रमुख, एकेकाळचे खेळाडू, पांढरा सदरा, समोर थर्मासचा चहा. मैदानावर कोणी मोठी झेप घेतली की ते मान डोलवायचे आणि कागदावर खूण करायचे. पकड सुटली तरी खूण. मला माझ्या जुन्या शिट्ट्या आठवल्या.

माझी मुलगी डाव्या कोपऱ्यात उभी होती, आणि तिच्याकडे कोणी येईना. एका संघाविरुद्ध, दुसऱ्या संघाविरुद्ध, जी ती चढाईवाली आत आली की उजवीकडे. उजव्या कोपऱ्यात धुरळा, आरडाओरडा, पडझड, आणि डाव्या कोपऱ्यात ही आणि तिच्या शेजारी दुसऱ्या शाळेतली एक अनोळखी मुलगी, हात धरून उभ्या. सकाळभरात तिच्या वाट्याला फार तर तीन चढाया आल्या. त्यांतल्या दोन तिने धरल्या. एकीत ती धावलीच नाही आणि समोरची नुसती आतल्या रेषेला पाय लावून परत गेली. प्रमुखांनी तेव्हा शेजारच्याला काहीतरी म्हटलं आणि तो हसला. मलाही तेव्हा कळलं नव्हतं की मी काय बघतेय. मला वाटलं, नशीब फुटकं, आजच नेमक्या चढाया उजवीकडे चालल्या आहेत.

दुपारी चारला बारा नावं वाचली. तिचं नव्हतं.

ती पिशवीत बूट भरायला लागली. चेहऱ्यावर काही नाही. मी तिच्याजवळ न जाता सरळ टेबलाकडे गेले.

"सर, डाव्या कोपऱ्याचं काय झालं?"

प्रमुखांनी शांतपणे तिचा कागद काढला, माझ्याकडे फिरवला आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. "बाई, हे अक्षर तुमचंच ना? थांबते. तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंत, आम्ही मानलं. आम्हालाही तेच दिसलं. कबड्डीत थांबून कसं चालेल?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग जे सुचलं ते एकदम सुचलं आणि मोठ्याने सुचलं. मी म्हटलं, "सर, तो दोष नाही, तो गुण आहे. ती थांबते म्हणजे खरं पाऊल पडेपर्यंत थांबते. तुम्ही आज पकडी नाही मोजल्या, उड्या मोजल्या. तुमच्या कागदावर ज्या खुणा आहेत त्यांतल्या निम्म्या मुली मातीत पडल्या आणि समोरची गुण घेऊन परत गेली. खेळ बघता की सर्कस?"

"आवाज खाली, बाई."

"माझा आवाज असाच आहे. मैदानाचा आहे."

"अंगकाठी पण नाही तिला."

"घोटा धरायला अंगकाठी कशाला लागते? हात लागतात, आणि डोकं." इथे मी टेबलावर हात आपटला. थर्मास आडवा झाला आणि चहा त्यांच्या कागदांवरून पांढऱ्या सदऱ्यावर गेला. तो मी मुद्दाम सांडला नाही, पण सांडल्याचं मला वाईटही वाटलं नाही.

मैदानावर सगळे गोळा झाले. कोणी म्हणालं, "बाई, जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ती मुलगी झाकणं मोजत असणार होती, हे त्यांना कुठून माहीत असणार. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, "तिला पुन्हा बघितल्याशिवाय मी उठणार नाही. तुम्हाला टेबल न्यायचं असेल तर माझ्यासकट न्या."

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती वाडीतली, उंच, दिवसभरातली सगळ्यांत चांगली चढाईवाली. तिचं नाव यादीत पहिलं वाचलं होतं. तिला यात पडायचं काही कारण नव्हतं. तिने हात मागे बांधले आणि म्हणाली, "सर, मी तिच्या साइडला मुद्दाम गेले नाही."

प्रमुख तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे गेल्या वर्षी शाळेच्या मॅचला तिने मला चार वेळा धरलं. आज सकाळी आम्ही रेडर ठरवलंच होतं, लेफ्टला जायचं नाही. विचारा कोणालाही." मागे दोन-तीन मुलींनी माना हलवल्या.

मी खुर्चीत बसल्या जागी गार झाले. दोन वर्षं वही लिहिणारी मी, दर शनिवारी पारख करणारी मी, आणि सकाळभर मला हे दिसलं नव्हतं. तिच्याकडे कोणी आलं नाही हे तिचं दुर्दैव नव्हतं. तीच तिची कमाई होती. अर्धं मैदान तिने जागेवर उभं राहून बंद केलं होतं, आणि त्याची खूण करायला कोणत्याच कागदावर रकाना नव्हता.

आजही लोक मला विचारतात, मग ती मुलगी पुढे कुठपर्यंत गेली. राज्याला खेळली का, नोकरी लागली का, मेडल मिळालं का. मी सांगत नाही. काहीतरी सांगितलं की लगेच तोंडावर दिसतं, मेडल असेल तर बाई बरोबर होत्या, नसेल तर बाई उगाच भांडल्या. मला हा हिशेबच मान्य नाही. त्या दिवशी दुपारी चार वाजता ती तालुक्यातला सगळ्यांत चांगला डावा कोपरा होती. ते पुढे काहीही झालं असतं तरी खरं होतं.

प्रमुखांनी रुमालाने सदरा पुसला. बाकीच्या दोघांशी कुजबुज केली. ते काही वाईट मनुष्य नव्हते, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आज थोडंफार आहे. चार लोकांसमोर पडलेलं नाक उचलायला माणसाला काहीतरी लागतंच. ते म्हणाले, "ठीक आहे. बारावी म्हणून घेऊ. पण तुम्ही समितीशी जे वागलात त्याबद्दल लेखी माफी द्यायची. आत्ता. नाहीतर विषय संपला."

"माफी?" मी म्हटलं. "मी? चूक तुमची आणि माफी माझी? मुळीच मिळणार नाही." आणि मी खरंच उठले. पर्स खांद्याला लावली. त्या वेळी मला माझ्या मानापुढे काही दिसत नव्हतं. मी किती ताठ आहे हे सगळ्या तालुक्याला दाखवायची ती संधी होती आणि मी ती घेत होते. जुनी सवय, झेप घ्यायची.

कोणीतरी माझी ओढणी धरली. ती होती. घोट्याची ती एक पकड सोडली तर दोन वर्षांत तिने मला कधी हात लावला नव्हता. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाई, लिवून द्या ना. मना खेलायचा हाय."

एवढंच. दोन वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ती दुसरी गोष्ट. पहिल्यांदा तिने कोपरा मागितला होता.

मी परत खुर्चीत बसले. त्यांनीच पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. लिहिलं की निवड समितीला खेळाची उत्तम जाण आहे, त्यांचा निर्णय योग्यच असतो, आणि माझ्या वर्तनाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. तीन वाक्यं, तिन्ही खोटी. मी आयुष्यात लिहिलेली तेवढीच माफी आणि तिचा मला एका अक्षराचाही पश्चात्ताप नाही. सही ठळक केली. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की फ्रेम करावी.

प्रमुखांनी कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि चहाने पिवळी पडलेली यादी पुढे ओढली. तोपर्यंत माझ्या लक्षात आलं की बारावं नाव जिचं वाचलं होतं त्या मुलीला आता राखीव केलं जाणार, आणि ती कुठे तरी याच मैदानावर पिशवी धरून उभी असणार. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं. पण मी काही बोलले नाही. न्याय करायला मी आले नव्हते, माझी मुलगी आत घालायला आले होते.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि यादीच्या शेवटी तिचं नाव लिहायला लागले. अगदी पुसट.

"पेनाने लिहा, सर," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. "बाई, आत्ताच माफी दिलीत ना?"

"दिली. आता पेनाने लिहा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी हलले नाही. ती माझ्या शेजारी उभी होती, तीही हलली नाही. शेवटी त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि खिशात हात घालून पेन शोधायला लागले.